पुसलेल्या राणीचा ठावठिकाणा

यंदाच्या अंकाचा विषय ‘राष्ट्रीय ठेवा’ आहे, असं संपादकांनी कळवलं आणि खाली एक ओळ जोडली : दिल्ली-मुंबईचं नको, तुमच्या भागातलं काही पाहा. राहुरीत हा विषय चारचौघांत काढला तर उत्तरं ठरलेली. कोणी मुळा धरण म्हणालं, कोणी 1968 साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ, कोणी ताहाराबादच्या महिपती महाराजांचं नाव घेतलं. चित्राचं नाव कोणाच्या तोंडून आलं नाही. येणार कसं? सोळाव्या शतकात नगरला चित्रकलेची एक अख्खी परंपरा बहरली होती. दख्खनी लघुचित्रांवरचं कोणतंही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांत अहमदनगर भेटतंच. पण त्या परंपरेची उरलेली चित्रं फार थोडी, आणि त्यांतली नावाजलेली जवळजवळ सगळी जिल्ह्याबाहेर, बरीचशी देशाबाहेर.

म्हणून मी उलट बाजूनं निघालो. चित्रं कुठं आहेत याचा माग काढत, आणि ती इथं का नाहीत हे विचारत. वाटेत एक राणी भेटली. तिचा चेहरा कोणीतरी मुद्दाम पुसला होता. तिच्यामुळे सगळ्या लेखाचा रोखच बदलला.

बारा चित्रांची पोथी

राहुरीहून नगर-मनमाड रस्त्यानं, उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत आणि खड्डे चुकवत नगर गाठायचं, तिथून पुणं. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी ते सुरू केलं. लाखो जुने कागद, हजारो हस्तलिखितं, नाणी, ताम्रपट, चित्रं, असा पसारा या संस्थेनं शतकभर सांभाळलेला आहे. मोडी दफ्तरं चाळायला येणाऱ्यांची इथं नेहमीची ये-जा. पण याच संग्रहात एक फारसी पोथी आहे आणि ती थेट नगरच्या दरबारातली आहे : ‘तारीफ-ए-हुसेनशाही’.

आफताबी नावाच्या कवीनं लिहिलेलं हे स्तुतिकाव्य. नायक हुसेन निजामशहा पहिला. हा 1553 ते 1565 या काळात नगरच्या गादीवर होता. 23 जानेवारी 1565 रोजी दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला. शाळेच्या पुस्तकात ही तालिकोटची लढाई म्हणून येते. त्या लढाईत मधल्या फळीवर हुसेन होता, आणि पकडलेल्या रामरायाचं डोकं त्याच्याच हुकुमानं उडवलं गेलं. एवढा मोठा विजय मिळवून परतलेला राजा काही महिन्यांतच, त्याच वर्षी वारला. काव्य त्याच्या पराक्रमाचं आहे, पण केवळ लढाईचं नाही. त्यात त्याचं लग्न आहे, संसार आहे, राणीच्या रूपाचं नखशिखांत वर्णन आहे.

पोथीत आज 12 चित्रं आहेत. मुळात 14 असावीत असं अभ्यासक मानतात. मंडळानं 1987 साली डॉ. जी. टी. कुलकर्णी आणि डॉ. म. श्री. माटे यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती काढली, त्यामुळे मूळ पोथीला हात न लावताही ही चित्रं अभ्यासता येतात. पुस्तकातली चित्रं भिंग घेऊन पाहायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरला तो रंग. केशरी, पिवळा, सोनेरी. उन्हात तापलेला रंग. मोगल चित्रांत नंतर आलेली ती संयमी, मोजूनमापून केलेली छाया इथं नाही. उंचावर नेलेलं क्षितिज आणि झाडांची ठेवण इराणी वळणाची. बायका मात्र इथल्या : चोळी, अंगाला लपेटलेलं वस्त्र, पाठीवरून लांब खाली सोडलेली वेणी. इराणातून आलेला दरबारी शिष्टाचार आणि माळवा-गुजरातेकडच्या जुन्या हिंदुस्थानी चित्रांची सवय, दोन्ही एकाच पानावर नांदतात.

एका चित्राशी मी बराच वेळ थांबलो. त्यात राणीच्या स्पर्शानं झाड फुललेलं दाखवलं आहे. सुंदर स्त्रीचा पाय लागला की अशोक फुलतो, ही आपल्या संस्कृत काव्यातली जुनीच कल्पना, दोहद. ती इथं मुसलमान सुलतानाच्या फारसी स्तुतिकाव्यात, त्याच्या बेगमेचं कौतुक करायला येऊन उभी राहिली आहे. नगरचा दरबार कसा मिसळलेला होता हे सांगायला याहून नेमका पुरावा मला सापडला नाही. आणि आश्चर्य तरी कशाचं? या घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्मानं ब्राह्मण होता, असं इतिहासकारांनीच नोंदवून ठेवलं आहे.

पुसलेली जागा

आता त्या राणीबद्दल. तिचं नाव खुंजा हुमायूं. हुसेन वारला तेव्हा मुलगा मुर्तझा लहान होता. 1565 पासून पुढची सुमारे चार वर्षं राज्याचा कारभार खुंजा हुमायूंनं चालवला. तारीफ-ए-हुसेनशाहीत तिला मिळालेली जागा याच काळावरून समजू शकते. राजाच्या स्तुतीत राणी एवढी ठळक, राजाच्या बरोबरीनं सिंहासनावर बसलेली, हे चित्र मुसलमानी दरबारांच्या पोथ्यांत विरळाच दिसतं. हुकूम देणारी तीच असेल, तर मग त्यात नवल नाही.

1569 साली पारडं फिरलं. तरुण मुर्तझानं आणि आईच्या माणसांवर चिडलेल्या सरदारांनी मिळून तिला सत्तेवरून खाली खेचलं आणि कैदेत टाकलं. आणि पोथीतली राणीही गेली. राजा तसाच आहे, सिंहासन तसंच आहे, चवऱ्या ढाळणारे सेवक जागच्या जागी आहेत, आणि राजाच्या शेजारी, जिथं बाईची आकृती असायला हवी, तिथं एक मळकट, घासलेला डाग आहे. हे एका चित्रात झालं असतं तर पाण्याचा थेंब पडला असेल म्हणून सोडून देता आलं असतं. एकामागून एक चित्रात तेच.

जुन्या चित्रात रंग अनेक कारणांनी जातो. शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकानं काळवंडतो, तेव्हा गोरे चेहरे करडे होतात. तांब्यापासून केलेला हिरवा जंगाल कागदालाच खातो, आणि हिरवळीच्या जागी मागून तपकिरी वण उमटतो. ओल आली की डाग कडेकडेनं पसरतो, लाटेसारखी रेघ सोडतो. यातलं कोणतंच कारण माणूस ओळखत नाही. राजा सोडायचा आणि राणी तेवढी घ्यायची, हे फक्त हाताला जमतं.

गंमत अशी, की हा गुन्हाच पोथीच्या काळाचा साक्षीदार झाला. पोथीत राणीचा एवढा मान आहे म्हणजे ती सत्तेत असताना चित्रं काढली गेली. राणी पुसली आहे म्हणजे ती सत्तेवरून गेल्यावर कोणीतरी पोथी हाताळली. म्हणून कलेचे इतिहासकार या चित्रांना 1565 ते 1569 या चौकटीत बसवतात. ज्यानं तिला पुसलं, त्यानं नकळत तिच्या कारकिर्दीवर तारखेचा शिक्का मारून ठेवला.

या दांपत्याची मुलगी म्हणजे चांदबिबी. विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न होऊन गेलेली, विधवा झाल्यावर माहेरी परतलेली, आणि 1595-96 मध्ये मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी. चांदबिबीचं चित्र मात्र पुसलं गेलं नाही. उलट ती गेल्यावर शंभर वर्षांनीही दख्खनमधले चित्रकार घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली चांदबिबी काढत राहिले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशा चित्रांपैकी एक आहे, साधारण 1700 सालचं. आई डोळ्यांसमोर असताना काढली गेली आणि पुसली गेली; मुलगी कोणी पाहिलेली नसताना रंगवली गेली आणि टिकली. चित्रं चांगली-वाईट म्हणून जगत नाहीत, ती कोणाला तरी हवी असतात म्हणून जगतात, हे इथं माझ्या ध्यानात यायला लागलं.

चांदबिबीचा महाल, जो तिचा नाही

नगर-पाथर्डी रस्त्यावर डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत आहे. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तिथं गर्दी. दुचाकी लावायच्या, भेळ घ्यायची, वर चढायचं, वाऱ्यावर फोटो काढायचे. एक आई लेकराला बोटाला धरून सांगत होती, “इथं चांदबिबी राहायची बरं का.” सगळं नगर हेच सांगतं, पाट्यांवरही ‘चांदबिबी महाल’ असंच. प्रत्यक्षात ही सलाबतखान दुसरा याची कबर. सलाबतखान हा मुर्तझा निजामशहाचा मंत्री. नगरला खापरी नळांनी पाणी आणणाऱ्यांत त्याचं नाव येतं, आणि नगरजवळची फराहबाग 1583 मध्ये त्यानंच पुरी करून घेतली. पण लोकांना सलाबतखान नको होता, त्यांना चांदबिबी हवी होती. म्हणून त्याची कबर तिचा महाल झाली, आणि निदान इमारत तरी लोकांच्या येण्याजाण्यात राहिली. दगडाचं हे बरं असतं. मालक बदलला, नाव बदललं तरी तो जागेवर राहतो.

धातूचं मात्र तसं नाही. निजामशाहीत नगरला 1549 साली मुहंमद बिन हसन रूमी यानं एक प्रचंड तोफ ओतली. ती आज विजापूरच्या तटावर ‘मुलुख-ए-मैदान’ म्हणून बघायला मिळते. पन्नास टनांहून अधिक वजनाची तोफ जर नगरहून निघून विजापुरास जाते, तर चार बोटं रुंदीच्या चित्राची काय कथा!

नगर शहरात पाहण्यासारखं काही नाही असं मात्र नव्हे. 1960 साली उभं राहिलेलं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि संशोधन केंद्र आहे. मोडी, फारसी, संस्कृत कागद, पोथ्या, शस्त्रं, नाणी, मूर्ती, आणि सुमारे 200 फूट लांबीची एक जन्मपत्रिका. शाळेच्या सहली या पत्रिकेपाशी हमखास थबकतात. संशोधक कागदांपाशी बसतात. ज्या गावात दरबारी चित्रं टिकली नाहीत, त्या गावानं लोकांच्या वाड्यांतून, अडगळीतून आलेली सामग्री जमवली. ही जमवाजमव बहुतेक देणग्यांवर, ओळखीपाळखीवर आणि घरोघर फिरून केलेल्या विनवण्यांवर चालते. ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दिल्लीची सरकारी इमारत येते. पण महाराष्ट्रात हा ठेवा मोठ्या प्रमाणावर खासगी मंडळांनी आणि गावच्या संग्रहालयांनी सांभाळला. तारीफ-ए-हुसेनशाहीसुद्धा सरकारी तिजोरीत नाही, राजवाड्यांनी काढलेल्या मंडळात आहे.

बाकीची चित्रं कुठं गेली?

उत्तर लढायांत आहे. 1600 साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. निजामशाही मेली नाही, पण तिची राजधानी फिरती झाली : परांडा, पुढं मलिक अंबरनं वसवलेली खडकी, मग दौलताबाद. 1633 मध्ये दौलताबाद पडलं. शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर एका बालराजाला गादीवर बसवून राज्य तगवायचा प्रयत्न केला, तोही 1636 मध्ये संपला. दरबार फिरायला लागला की चित्रशाळा मोडते. चित्रकार पोटामागं दुसऱ्या दरबारात जातो. ग्रंथालयातली पानं लुटीत, नजराण्यात, बक्षिशीत वाटली जातात.

यातली काही पानं बिकानेरला गेली, आणि हे आधी कोड्यासारखं वाटतं. पण बिकानेरचे राजे मोगलांच्या चाकरीत दख्खनच्या मोहिमांवर होते. रायसिंहासारखा राजा इथं वर्षानुवर्षं राहिला. परतीच्या उंटांवर काय गेलं, ते त्या घराण्याच्या संग्रहातून पुढं कळलं. नगर-दख्खनच्या रागमालेची पानं तिथंच ओळखली गेली, आणि आज त्यांतली काही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. एकेका रागाला एकेक माणूस, एकेक ऋतू कल्पून काढलेली ही चित्रं. वर संस्कृतात ओळी, खाली मोकळी सोनेरी जमीन, त्यावर झुल्याभोवतीच्या बायका. ऐकायच्या सुराला पाहायचं रूप देण्याची ही धडपड या मुलखात झाली, हे नगरच्या संगीतसभांत कोणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एका निजामशहाचं चित्र आहे. अभ्यासक त्याला मुर्तझा म्हणतात, आईला कैदेत टाकणारा तोच. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘शाही वनभोजन’ अशा नावानं ओळखलं जाणारं नगरचं चित्र आहे. मलिक अंबरची चित्रं बोस्टनच्या संग्रहालयात आहेत आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येही. हबशी गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला जात दख्खनमध्ये आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. पांढरा तलम जामा, काळा तुकतुकीत चेहरा, कमरेला कट्यार, आणि कोणाचीही भीड न ठेवणारी नजर.

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात मलिक अंबरचं आणखी एक चित्र आहे. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर अडकवलेल्या अंबरच्या डोक्यावर बाण सोडतो आहे. चित्रकार अबुल हसन, काळ साधारण 1616 नंतरचा. यात एक अडचण आहे : जहांगीरला अंबरचं डोकं कधीच मिळालं नाही. अंबर 1626 मध्ये म्हातारा होऊन, स्वतःच्या मुलखात, नैसर्गिक मरणानं गेला. रणात जमलं नाही ते बादशहानं कागदावर करून घेतलं. तारीफ-ए-हुसेनशाहीत होतं ते चित्रातून काढलं गेलं; इथं नव्हतं ते चित्रात घातलं गेलं. दोन्ही चित्रं अस्सल आहेत, आणि दोन्ही खोटं बोलतात. संग्रहालयात ती जपायची ती याच्यासाठी. त्यांच्यावरून त्या वेळी काय घडलं हे कमी कळतं, आणि काय घडावं असं कोणाला वाटत होतं हे नेमकं कळतं.

कागद जगतो कसा

हे सगळं कागदावर टिकलं, हे आधी पटायला जड जातं. आपल्याकडं वर्तमानपत्र सहा महिन्यांत पिवळं पडतं. पण तो लाकडाच्या लगद्याचा कागद. जुना कागद चिंध्या आणि तागाच्या तंतूंपासून हातानं केलेला. जुन्नर आणि दौलताबाद ही त्याची नामांकित गावं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावच त्या धंद्यावरून पडलं. चित्रासाठी असे कागद एकावर एक चिकटवून जाड ‘वसली’ तयार करायची, ती अकिकाच्या दगडानं घोटून घोटून गुळगुळीत करायची. मग हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी, सोन्याचा वर्ख. खारीच्या शेपटीच्या केसांची कलमं. एक थर झाला की चित्र पालथं घालून पुन्हा मागून घोटायचं, म्हणजे रंग कागदात बसतो आणि त्याला आतून चमक येते.

असं चित्र अंधारात ठेवलं तर शतकं जातं. उजेडात ठेवलं तर रोज थोडं थोडं मरतं, आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांवर सुमारे 50 लक्स एवढाच मंद उजेड सोडतात, आणि काही महिन्यांनी ती उतरवून पुन्हा पेटीत ठेवतात. “मूळ पोथी दाखवत का नाहीत?” असं चिडून विचारणाऱ्याला हे सांगायला हवं, की दाखवणं आणि जपणं या दोन कामांचं एकमेकांशी भांडण आहे. दर वेळी पान उलटताना कडेचा एखादा कण गळतो. हवेतली ओल कमी-जास्त झाली की कागद फुगतो-आकसतो, त्यावरचा रंगाचा थर मात्र तेवढा लवचीक नसतो, मग पापुद्रे सुटतात. म्हणून छायाचित्रं, छापील आवृत्त्या आणि आता संगणकावरच्या प्रती. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं आपल्या दफ्तरांसाठी ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ केलं आहे, आणि पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय आपला संग्रह हळूहळू इंटरनेटवर टाकत आलं आहे. राहुरीच्या एसटी स्टँडवर बसून पॅरिसमधला संग्रह मोबाईलवर चाळता येतो, हे काही थोडं नाही.

जुने लोक हे शास्त्र आपल्या पद्धतीनं जाणत होते. पोथी लाल कापडाच्या बासनात घट्ट बांधायची, दोन्ही बाजूंनी लाकडी पाट्या. आत वेखंडाचा तुकडा, कडुलिंबाचा वाळलेला पाला, कसर लागू नये म्हणून. पावसाळा सरला की एकदा सावलीत मोकळी करायची. नकलकारही पोथीच्या शेवटी वाचणाऱ्याला विनवून ठेवायचे, की हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून सांभाळा. चारही धोके आजही तेच आहेत. मूर्खाच्या हातात आता सेलोटेप आणि लॅमिनेशनचं यंत्र आलंय, एवढाच फरक.

ताहाराबादची लेखणी

आता राहुरी तालुक्यातच परत येऊ. तालुक्याच्या पश्चिमेकडं ताहाराबाद. इथं 1715 मध्ये महिपती जन्मले. घराण्यात कुलकर्णीपण. सांगतात ते असं : एकदा पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा उरकल्यावर ते गेले, काम केलं, आणि परत आल्यावर लेखणी देवापुढं ठेवून शपथ घेतली, की यापुढं ही लेखणी सरकारी कागदाला लागणार नाही, संतांच्या चरित्रालाच लागेल. त्याच लेखणीतून 1762 मध्ये ‘भक्तविजय’ आला, 57 अध्यायांचा. 1774 मध्ये ‘भक्तलीलामृत’. महाराष्ट्रातल्या घराघरांत नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम यांच्या ज्या गोष्टी आजी सांगते, त्या बहुतेक महिपतींच्या मांडणीत सांगते. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानं विसाव्या शतकात त्यांचे ग्रंथ इंग्रजीत नेले, तेव्हा ताहाराबादचं नाव परदेशी वाचकांपर्यंत पोचलं.

गावातल्या महिपती महाराजांच्या देवस्थानात उभं राहिलं, की तारीफ-ए-हुसेनशाहीशी तुलना आपोआप मनात येते. एका बाजूला एकच प्रत, सोन्याचा वर्ख लावलेली, दरबारात ठेवलेली. दुसऱ्या बाजूला साधी काळी शाई, चित्र नाही, वर्ख नाही. पण ज्याला हवी त्यानं नक्कल करून न्यावी. एक प्रत ओलीनं गेली तर दुसऱ्या गावात दुसरी होतीच. पुढं मुंबईच्या छापखान्यांनी पोथ्या छापायला घेतल्या, तेव्हा भक्तविजय सर्वांत आधी छापल्या जाणाऱ्यांच्या पंगतीत होता. श्रावणात आजही गावोगाव त्याचं पारायण बसतं. दरबाराच्या पोथीतला एक चेहरा पुसायला एकच हात पुरला. भक्तविजयातला एखादा संत पुसायचा तर किती गावं फिरावी लागतील, याचा हिशेबच नको!

टिकण्याच्या या दोन रीती. एक कुलूप लावून, दुसरी वाटून. जिल्ह्याला दोन्ही ठाऊक होत्या. दरबारी चित्र वाटता येत नव्हतं, म्हणून ते ज्याच्या हाती कुलूप गेलं त्याच्याबरोबर गेलं. आज पहिल्यांदाच अशी सोय आहे, की दरबारी चित्रही महिपतींच्या पोथीसारखं वाटता यावं.

माळ्यावरचं बासन

राहुरीत एका जुन्या वाड्यात गेलो होतो. घरातल्या आजोबांनी माळ्यावरून बासन काढून दिलं आणि म्हणाले, “टाकवत नाही अन् वाचवतही नाही. पोरांना तर हे मोडी का काय तेच कळत नाही. तुम्हीच बघा दादा, काही कामाचं असंल तर.” बासन सोडलं. वर एक पोथी, खाली हिशेबाचे कागद, आणि एका पानाच्या कोपऱ्यात गणपतीची छोटीशी आकृती, गेरूनं आणि काजळीनं काढलेली. कारकुनानं किंवा नकलकारानं हात मोकळा करायला काढली असावी. कोणत्याही पुस्तकात न जाणारं चित्र. पण तो ओघळता गेरू, सोंडेची एका दमात काढलेली वळणदार रेघ पाहिली, की दरबाराबाहेरही हातांना चित्राची सवय होती हे कळतं. कागदाला एका कडेनं कसर लागली होती. मी काही न करता बासन जसं होतं तसं बांधून दिलं आणि वेखंड आणायला सांगितलं.

अशा बासनांसाठी देशात व्यवस्था नाही असं नाही. 2003 साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय हस्तलिखित मिशन सुरू केलं, घरोघरच्या पोथ्यांची नोंद व्हावी म्हणून. 2025 च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशन जाहीर झालं, एक कोटींहून अधिक हस्तलिखितांपर्यंत पोचण्याचं उद्दिष्ट धरून. पण दिल्लीची योजना माळ्यापर्यंत पोचायला मध्ये एक ओळखीचा माणूस लागतो. पोथी घरातच राहील, फक्त फोटो घेऊ, ही खात्री देणारा. कागद एकदा गेला की परत येत नाही, हा अनुभव गावांनी घेतलेला आहे. म्हणून लोक बासन दाखवायला कचरतात. महाविद्यालयातली इतिहासाची पोरं, एक मोडी वाचणारा मास्तर, सावलीत पांढरं कापड आणि बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा मोबाईल, एवढ्यावर एका तालुक्याचं काम सुरू होऊ शकतं. पानं क्रमानं घ्यायची, कोरी पानंसुद्धा सोडायची नाहीत, प्रत्येक पानाशेजारी मोजपट्टी ठेवायची, घरमालकाला एक प्रत आणि नगरच्या संग्रहालयाला एक.

आणि चित्रांसाठी एक मागणी. तारीफ-ए-हुसेनशाहीची बाराही चित्रं मूळ आकारात, चांगल्या कागदावर छापून नगरला कायमची लावावीत, आणि त्याची एक फिरती प्रत तालुक्यातालुक्यांत, राहुरीलाही, शाळांतून न्यावी. परवानगी मंडळाची लागेल, खर्च एखाद्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या जेवणावळीएवढा होईल. प्रतिकृती करणाऱ्याला एकच ताकीद द्यावी : पुसलेली जागा संगणकावर ‘सुधारून’ देऊ नका. डाग आहे तसा छापा, आणि त्याखाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, ही खुंजा हुमायूं, चांदबिबीची आई, हिनं 1565 ते 1569 नगरचं राज्य चालवलं. मुलीच्या नावानं अख्खा डोंगर ओळखणाऱ्या जिल्ह्याला आईचं नाव पाठ व्हायला फार वेळ लागणार नाही.